मटिल्डाची चहातली अंडी

मटिल्डा लोपीस दुकानातली पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवते, तांबूस करते आणि गावठी म्हणून नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगवाल्यांना विकते, अशी कुजबुज आमच्या वटारात, म्हणजे आळीत, एका हिवाळ्यात झाली. ती आणली मासे विकणाऱ्या कमळीने. कमळीची मासळी दुपारीच मान टाकायची, पण बातमी संध्याकाळपर्यंत फडफडत असायची.

"पातेल्यात कालं पानी, त्यात सा अंडी! या डोल्यांनी बगितलं!"

मटिल्डाच्या घरात कोंबड्या पाळणार नवरा आणि कापणार बायको. आलोशियस म्हणजे केळीचा लोंगर एका खांद्यावर नेणारा गडी. पण सणाला कुणी कोंबडा मागायला आलं, की हा गडी तडक देवळात, आमच्या चर्चमध्ये! वटारात सगळ्यांत भाविक कोण, तर कोंबडा कापायच्या वेळचा आलोशियस, असं आम्ही त्याला चिडवायचो. मटिल्डा मात्र निवांत सुरी धुवायची. "तो कोंबड्यांना नावं ठेवतो, मी मीठ लावते," म्हणायची.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात आलोशियसला अर्धांगवायू झाला. खाट घराच्या पुढच्या खोलीत आणि खुराडा मागच्या परसात. त्यामुळे मटिल्डा सकाळी अंडी वाडग्यात घालून त्याला दाखवायला आणायची. तो डाव्या हाताने एकेक अंडं उचलून गालाला लावायचा. "हे तांबडीचं. हे त्या आळशी भुरीचं." मग कुठे पेज खायचा. खात राहिला तर उभा राहील, असं डॉक्टर म्हणाले होते.

थंडी पडली आणि मानमोडी आली. कोंबड्यांच्या माना पिळवटून उलट्या व्हायच्या, मग त्या गोल गोल फिरायच्या आणि पडायच्या. आठवड्यात मटिल्डाचा खुराडा रिकामा झाला. तिने केळीत खड्डा खणला, चुना टाकला, सगळ्या पुरल्या. आत आलोशियसला मात्र बोलली नाही. शेजारच्या ज्युलियसचा एक कोंबडा तेवढा वाचला. तो आरवला की आलोशियस खूश.

"आपला कोंबडा हल्ली जोरात ओरडतो गं."

"खातो किती मेला!" मटिल्डा म्हणायची.

पण अंड्यांचं काय? थंडीने घालत नाहीत, असं तिने दोन दिवस सांगून पाहिलं. त्याने पेज बाजूला सारली. तिसऱ्या दिवशी तिने दुकानातून अंडी आणली, तर पांढरं अंडं बघून म्हणाला, "ही कुणाची? आपली कुठे आहेत?" तेव्हापासून चुलीवर चहाचं पातेलं चढलं. कोमट पाण्यातून काढलेलं अंडं आत्ताच घातल्यासारखं उबदार लागायचं. आलोशियसने त्यातही तांबडी आणि भुरी ओळखली. पेज पुन्हा पोटात जाऊ लागली. एकदा तर भिंतीला धरून तो उभाही राहिला.

कमळीची बातमी बिल्डिंगपर्यंत पोचली, तशी विनया आली. लहान मुलाची आई, मटिल्डाचं जुनं गिऱ्हाईक. अंगणात उभी राहून कडाडली.

"मावशी, गेले पंधरा दिवस मला म्हणता अंडी नाहीत, आणि दुसऱ्यांना रंगवून विकता? कोंबड्या तर सगळ्या मेल्यात तुमच्या!"

"हळू बोल गं बाय," मटिल्डा म्हणाली.

"का हळू? सगळ्या गावाला माहितीये!"

पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती.

दुसऱ्या दिवशी मटिल्डा वाडगा घेऊन गेली, तर आलोशियसने हात गोधडीतून बाहेर काढला नाही.

"मला सांगायचंस ना, मटिल्डा."

"सांगितलं असतं तर जेवला असतास?"

पेजेला शिवला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. दोन चमचे पाणी, तेही तिने रडून पाजलं तर. नाताळच्या आधी गेला. मयतीला सगळा गाव होता, विनयाही होती. परतताना वाटेत बायकांचं तेच चाललं होतं, रंगवलेल्या अंड्यांचं.

मटिल्डा अंडी चहात बुडवत होती. नवऱ्याने जेवावं म्हणून. त्यातलं एकही तिने विकलं नाही.