वन्संच्या काचेतला निळा उजेड

सकाळी जपात मन नव्हतं. माळ हातात, कान वन्संच्या येरझाऱ्यांकडे. माझ्या या थोरल्या नणंदबाई एकवीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतात. काल तिथं संशोधन करणाऱ्या सरांनी बोल लावला, "तुमच्या भांड्यात साबण राहिला, माझं महिन्याचं काम वाया." आज चार वाजता लेखी तक्रार वर जाणार होती. म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

झालं होतं असं, की सरांच्या पांढऱ्या पुडीचं घट्ट द्रावण अतिनील दिव्याखाली निळं चमकलं. असल्या पुडीनं चमकू नये, असं पुस्तक सांगतं. साबणात मात्र कपडे उजळ दिसावेत म्हणून जे घालतात, ते त्या दिव्याखाली निळं दिसतंच. मग दोष कोणाचा? धुणारणीचा!

दुपारी वन्संनी घास घेतला नाही. धुतलेलं ताट पुन्हा घासायला घेतलं.

"वन्सं, ताटाची साल निघेल हो."

"निघू दे! माझ्या हातून साबण राहतो म्हणे!" त्यांनी तडक चपला घातल्या. मी देवाचं नाव घेत मागोमाग.

प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी सरांसमोर त्या दिव्याखाली दोन नळ्या धरल्या. एकीत सरांचं द्रावण, दुसरीत साबणाचं पाणी. दोन्ही निळ्या.

"बघा, मी काय म्हणत होतो?" सर म्हणाले.

"थांबा हो जरा." वन्संनी दोन्हींतलं थेंबभर घेऊन सारख्याच भरपूर पाण्यात मिसळलं. साबण फिका पडला, पण चमकत राहिला. पूड काळोखात गडप!

"साबण विरळ झाला तरी चमकतो. तुमची पूड घोळक्यात असली तरच. धुण्याआधी अन् धुतल्यावर दिव्याखाली बघायची माझी सवय आहे. तळाशी वाळलेली चमकते, पाण्यात सुटली की विझते."

"मग आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कधी?"

सरांनी स्वतः नवी पूड, नवी नळी घेऊन दोनदा करून पाहिलं. तेच. मग ते बोलतच सुटले, की रेणू दाटीवाटीनं एकमेकांना चिकटले म्हणजे त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांत गुंततात, तेव्हाच हा उजेड फुटत असावा. वन्संचं लक्ष घड्याळाकडे. पावणेचार.

"सर, तक्रार."

"अहो, ती राहू द्या आता."

"राहू कशी देऊ? लिहून द्या."

सरांनी तक्रारीच्या कागदावर आडवी रेघ मारली, खाली 'भांडी स्वच्छ होती' असं लिहून सही केली. वन्संनी कागद दोनदा वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला.

"तारीख घाला."