दादाची उडी
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. परवा शेजारच्या घरातून मालिशच्या तेलाचा वास आला आणि भांडुपच्या घरातली ती दुपार आठवली. थोरल्या भावाला, दादाला, पॅरालिसिसचा झटका येऊन चार महिने झाले होते. उजव्या हाताची बोटं हलती राहावीत म्हणून फिजिओवाल्या बाईंनी त्याला व्हिडिओ गेम खेळायला सांगितलं होतं. खजिना शोधायचा माझा गेम त्याने हौसेने निवडला, पण तेलकट हातात रिमोट धरून तो रोज एकाच कड्यावर अडायचा. दरीपलीकडच्या देवळाकडे उडी मारताना बटण वेळेवर दाबलं जायचं नाही आणि हिरो खाली कोसळायचा. "थांब रे, बोट वळायला लागलंय," तो म्हणायचा, आणि खरंच वळत होतं. त्या दुपारी हिरो पुन्हा पुन्हा पडला आणि माझं डोकं फिरलं. "दे इकडे, तुझ्याच्याने नाही व्हायचं!" म्हणत मी रिमोट हिसकावला आणि पहिल्याच झटक्यात उडी मारली. "झकास," दादा म्हणाला, आणि उजवा हात त्याने चादरीखाली घेतला. पुन्हा त्याने रिमोट धरला नाही. "भाऊजी, यांना झालंय तरी काय?" वहिनीने विचारलं. मी म्हणालो, "कंटाळला असेल." मग ती त्याला आळशी म्हणून टोचत राहिली आणि तो माझ्यासमोर मुकाट ऐकत राहिला. बोटं आखडली ती आखडलीच. दादा जाऊन तीन वर्षं झाली, तरी वहिनी म्हणते, त्यांनी मनावरच घेतलं नाही. त्याने घेतलं होतं, मी ते मोडलं, एवढं तिला सांगायचं अजून बाकी आहे.