चिपच्या आधीची सुई

आमच्या सुनेच्या वडिलांइतका नियमांचा भुकेला माणूस अख्ख्या जर्मनीत नाही, जर्मन धरून. हयात पुण्यात कारकुनीत गेली, पण न्युरेम्बर्गला लेकीकडं राहायला आले आणि इथले कायदे बघून गोड खाल्ल्यासारखे खुलले. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही, तरी लाल दिव्याला हात मागं बांधून उभे. मी एकदा निम्म्यात पोचलो तर मागून ओरडले, "अहो व्याही, परत या! लहान मुलं बघतायत!" मूल एकच होतं, बाबागाडीत, झोपलेलं. रविवारी रस्त्यावरच्या काचेच्या कचरापेटीत बाटली टाकायची नाही, आवाज होतो, म्हणून लोणच्याची रिकामी बरणी कोटाच्या खिशात घालून हा गृहस्थ दिवसभर बागेत हिंडला. काही विचारा, आधी जर्मनमध्ये "या, गेनाऊ", म्हणजे हो, अगदी बरोबर, म्हणणार, मग नाही म्हणणार.

पण त्यांना हसायचा हक्क मी मांजरापायी घालवून बसलोय. बायको गेली आणि कराडच्या घरात मी आणि तिचं मांजर उरलो. पोरगा म्हणाला, इकडं या. म्हटलं, मांजर येत असेल तर येतो, नाहीतर तुमचा जर्मनी तुमच्यापाशी. पोरगा वैतागला. व्याह्यांचा मात्र सण झाला. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर फाइल घेऊन हजर. "मांजराचं नाव?" नाव कुठलं आलंय? बायको "ये गं बाई, खा गं बाई" करायची, तेवढ्यावर ते यायचं. "रकाना रिकामा ठेवता येत नाही," म्हणाले, आणि लिहिलं: गंबाई.

मग हुकूम सुटले. आधी कातडीखाली चिप, मग रेबीजची लस, महिन्यानं लस लागली का बघायला रक्ताची तपासणी, तीही त्यांनी मानलेल्या प्रयोगशाळेतच, आणि पास झालं तरी रक्त काढल्यापासून तीन महिने गप बसायचं. मी सातवी नापास, एसटीच्या डेपोत टायर बदलणारा. ऐकूनच घाम फुटला. आमच्या गुरांच्या डॉक्टरकडं लस हाताशी होती, ती त्यानं टोचली. चिप आठवड्यानं आली, ती मग बसवली. मी मोठ्या तोऱ्यात फोन केला. व्याही पांढरे पडले.

"अहो, चिपच्या आधीची सुई ही सुईच नव्हे!"

"मग काय होती? टोचताना मांजरानं माझा अंगठा फोडलाय!"

"कागदाच्या दृष्टीनं हे मांजर त्या दिवशी अस्तित्वातच नव्हतं."

मी फोन बंद केला आणि त्यांना डेपोतल्या शिव्या घातल्या. बायको या मांजराला मांडीवर घेऊन जेवायची, आणि हा म्हणतो नव्हतंच! सकाळी त्यांचाच फोन. "पहिल्यापासून करू. चुकलं तर विमानतळावरून तिला परत धाडतील, आणि तिच्यामागं तुम्ही जाल. मग तिथं तुम्हाला कोण आहे?" त्यानंतर दर रविवारी फोन, मांजर कसं आहे म्हणून. माझं विचारायचे नाहीत, पण कॅमेरा आधी माझ्याकडं वळवायला लावायचे.

पाचव्या महिन्यात फ्रँकफुर्टला उतरलो. कस्टमच्या बाईनं चिप वाचायचं यंत्र फिरवलं, कागद बघितले, मांजराच्या पेटीत वाकून म्हणाली, "गाम्बाय?" मांजर चटकन उठून म्यांव म्हणालं. किती महिन्यांनी बाईमाणसाची हाक ऐकली असेल! बाहेर व्याही फाइल छातीशी धरून उभे. माझ्या बॅगेला हात नाही, नमस्कार नाही. "चिप एका दमात वाचली?"

घरी पेटी उघडली तर मांजर बशीकडं न बघता बंद दारापाशी जाऊन ओरडायला लागलं. सून म्हणाली, "नवीन जागा आहे, बाबा." कुणाला शोधतंय ते मला कळलं. व्याही उठले. एकेक दार उघडत गेले, खोल्या, न्हाणी, कपाटंसुद्धा. ती आत जाऊन वास घेऊन बाहेर येईस्तोवर दार धरून उभे राहायचे. सगळं घर संपलं. मग खुंटीवरची तळघराची किल्ली काढून माझ्याकडं न बघता म्हणाले, "तिथंही बघू दे तिला."