‘शिरूर मंडप’ या शब्दाची बोली

जानेवारी २००८, रक्कम दोन हजार रुपये; हजर मी, बायको आणि सायबर कॅफेवाला. इंटरनेटवर कुणी ‘शिरूर मंडप’ शोधलं की माझी जाहिरात सगळ्यांत वर दिसावी आणि लग्नसराईच्या ऑर्डरी मिळाव्यात, म्हणून मी त्या शब्दावर बोली लावली. वर दिसली ती माझ्या दौंडच्या मंडपवाल्या मेव्हण्याची जाहिरात. मी क्लिकमागे पाच रुपये लावले, त्यानं आठ. मी दहा केले. शिवाय त्याचे पैसे जावेत म्हणून रोज त्याच्या जाहिरातीवर क्लिक करत राहिलो. आठवड्यात माझेच पैसे संपले आणि ऑर्डर एकही नाही. बायकोनं भावाला फोन लावला.

“ताई, क्लिक लय आले, गिऱ्हाईक एक न्हाई.”

“ते तुझे दाजी व्हते. आन् आमच्यावर कोण क्लिक करत व्हतं?”

“...मीच की.”

दोन हजार सर्च कंपनीला गेले. कॅफेवाल्याला तासांचे साठ रुपये वेगळे दिले.