केसांवर घेतलेली वाटी

आज सकाळी गल्लीतून "केसांवर भांडी घ्या" अशी आरोळी आली अन् हातातला घास हातातच राहिला. कंपनीजवळ कुरुळी गावात खोली घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी बायकोचे केस गळायला लागले. मी म्हणायचो, बोअरच्या पाण्यानं गळतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाळी गेली की अंगातले हार्मोन कमी होतात, त्यानं केस विरळ होतात. हे औषध रोज लावा, आहेत ते टिकतील. थांबवलं की परत गळतील." तिनं नेमानं लावलं, पाचेक महिन्यांत गळती थांबली. एके दिवशी मला शिफ्टला उशीर होत होता अन् ही आरशासमोर औषध लावत बसलेली. मी बोललो, "ह्या वयात कुणाला दाखवायचेत आता?" ती उठली अन् बाटली मोरीत ओतली. पुढं गळलेल्या केसांचा गुंता ती पिशवीत साठवू लागली. तो भांडीवालीला देऊन तिनं स्टीलची वाटी घेतली, माझ्या ताटात ठेवली अन् म्हणाली, "घ्या. दाखवले एकीला." ती वारली त्याला वर्ष झालं. आमटी मी त्याच वाटीत घेतो. केस चांगले होते तिचे, पण तसं मी तिला कधी म्हणालो नाही. आता वाटीला सांगून काय उपयोग.