घाम पुसायची तालीम

सुरुवातीच्या बड्या बक्षिसांच्या अमेरिकन क्विझ शोंमध्ये काही स्पर्धकांना उत्तरं आधीच शिकवायचे, घाम कधी पुसायचा तेसुद्धा, असं टीव्हीवर सांगत होते. ईलिंगच्या घरात सोफ्यावर बसून मी भडकलो, ‘लाज नाही वाटली?’

‘बाबा, मंडळाच्या गणपतीत क्विझचे क्वेश्चन्स तू पण आधी दिले होतेस,’ मुलगी म्हणाली. ‘आणि म्हणालास, थिंक केल्यासारखं कर.’

ते वेगळं होतं. इथे परदेशात वाढलेली मुलं आजी-आजोबांसमोर गप्प उभी राहू नयेत म्हणून सगळ्यांनाच प्रश्न पाठवतो. मुलगी जिंकली तेव्हा नागपूरहून आलेले माझे वडील रडले होते.

‘आजोबांना सांगू?’

‘थांब, विचार करू दे.’

माझ्या कपाळावरचा घाम खरा आहे का, ते ती बघत राहिली.