फोर्तुनाताच्या कागदावरचं डिझेल

फोर्तुनाता चोके आमच्या गावातल्या अकरा घरांचं दूध गोळा करते. सोळा वर्षं झाली. आधी गाढवावर, मग सायकलवर, मग दिराच्या तीनचाकीवर. नवरा ब्वेनोस आइरेसला शिवणाच्या कारखान्यात आहे. त्याचा फोन आला की ती गायींची खबर देते, स्वतःची देत नाही. तिच्या धाकटीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि माझ्या नवऱ्याला ती कोम्पाद्रे. मोठ्या बाईला इथे मानाने दोन्या म्हणतात.

आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी. यंदा त्याच जूनमध्ये दिराने तीनचाकी विकली. दूधकेंद्रावरच्या माणसाने तिला सरळच सांगितलं, "दोन्या फोर्तुनाता, येत्या सोमवारी सकाळी सातच्या आत स्वतःच्या गाडीतून दूध आणा. नाही आलात तर अकराही घरं इलारियोनला देतो."

पलीकडच्या गावचं दूध नेणाऱ्या इलारियोनला ही बातमी तिच्याही आधी कळली असावी. तो त्या अकरातल्या दोन घरी जाऊन चहासुद्धा पिऊन आला.

फोर्तुनाताने दोन गाई विकल्या आणि कुठली गाडी घ्यावी ते विचारायला ती आमच्याकडे आली. माझा नवरा साबिनो वीस वर्षं खाणीचे ट्रक चालवायचा. आता गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत. आवाजावरून इंजिनाचा आजार सांगतो.

"पेट्रोल घे, कोमाद्रे," तो म्हणाला. "तुझा फेरा चार कोसांचा, त्यात अकरा ठिकाणी थांबायचं. डिझेलचं इंजिन नीट तापेपर्यंत तू घरी परत आलेली असशील. शिवाय आपल्याकडे पहाटे डिझेल घट्ट होऊन नळीतच बसतं. लांबचा रस्ता नि जड ओझं असेल त्यानं डिझेल घ्यावं."

"आणि चढ?"

"पेट्रोल कुरकुरेल, पण चढेल. सुरूच न होणारी गाडी चढापर्यंत जाते कुठे?"

तिने शालीआडून एक इवलासा कागद काढला.

चोवीस जानेवारीला, दुपारी बाराच्या ठोक्याला, वर्षभरात जे हवं त्याची इवलीशी प्रतिकृती आम्ही बाजारातून घेतो; मग ते खरोखर मिळतं, अशी श्रद्धा. घर, गाडी, पदवीचा दाखला, काहीही. मग मातेच्या चर्चच्या दारात नेऊन त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतो. फोर्तुनाताने बोटाएवढी गाडी घेतली होती आणि तिचा तेवढाच इवला नोंदणीचा कागदही. विकणाऱ्याने विचारलं होतं, पेट्रोल की डिझेल? घंटा वाजायला लागल्या होत्या, मागून लोक ढकलत होते. "काहीही लिही रे बाबा, बारा वाजले!" असं ही ओरडली. त्याने लिहिलं, डिझेल.

"ह्याच्यावर पाणी पडलंय, कोम्पाद्रे," ती साबिनोला म्हणाली. "मी मागितलं ते हे आहे. आता दुसरंच घेतलं आणि वर माताच रागावली तर?"

साबिनोने माझ्याकडे बघितलं. असल्या प्रश्नांना तो मलाच पुढे करतो. त्या रात्री मी तिच्यासाठी अख्खी जपमाळ म्हटली.

गुरुवारी आम्ही तिघं एल आल्तो शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. तिथल्या विक्रेत्या दोन्या सेवेराकडे तिला परवडतील अशा दोनच गाड्या होत्या. एक पांढरी पेट्रोलची व्हॅन. आमच्याकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून तिचं स्टीअरिंग उजवीकडून डावीकडे आणलेलं, जुन्या भोकावर पत्रा ठोकलेला. दुसरा निळा डिझेलचा छोटा ट्रक, नुकता धुतलेला. ट्रकने पहिल्याच किल्लीला हुंकार दिला. साबिनोने बॉनेटवर हात ठेवला.

"गरम आहे. आम्ही यायच्या आधी चालवलास?"

"जागा बदलली जरा," सेवेरा म्हणाली. दोन वेण्या, गोल टोपी, कमरेला घागऱ्यांचे इतके थर की ती हलली की गाडीच वळतेय असं वाटावं.

"रविवारी उजाडताना येतो," साबिनो म्हणाला. "तोवर दोन्हींना हात लावायचा नाही."

इथवर ठीक होतं. पण निघताना फोर्तुनाताने तो कागद सेवेराला दाखवला. का दाखवला, देव जाणे. सेवेराचे डोळे चमकले. "अगं माझ्या लाडक्या गिऱ्हाइका! मातेनं लिहून दिलंय, आणि तू ह्या लंगड्या म्हाताऱ्याला विचारत बसलीस?"

"लंगडा आहे, आंधळा नाही," साबिनो पुटपुटला.

रविवारी सूर्य वर यायच्या आत पोचलो. श्वासाची वाफ होत होती. अख्ख्या गल्लीत गाड्यांवर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. व्हॅनच्या बॉनेटवर तर बोटाने नाव लिहिता आलं असतं. निळा ट्रक मात्र कोरडा ठणठणीत. साबिनो गुडघे धरत वाकला. ट्रकच्या टाकीखाली जमिनीवर काळं वर्तुळ होतं. शेणाची राख.

"सेवेरा, इथे काय भाजलंस? बटाटे?"

"थंडी वाजत होती मला."

"आणि शेकायला ट्रकखाली शिरलीस होय? एवढे घागरे घेऊन?"

आजूबाजूचे हसले. फोर्तुनाता हसली नाही. ती ट्रककडे बघत होती, हात त्या कागदावर. तेवढ्यात चामड्याच्या जाकिटातला एक माणूस व्हॅनभोवती फिरू लागला, त्याने टायरला लाथ मारून पाहिली.

"व्हॅन त्याला देऊन टाकते हं," सेवेरा म्हणाली. "तुझी गाडी ही, पाणी शिंपडलेली. पवित्र पाण्याला नाही म्हणतेस?"

माझं तोंड उघडलंच. "पाद्र्यानं पाणी शिंपडलं, सेवेरा. कागद वाचला नाही."

फोर्तुनाताने माझ्याकडे पाहिलं. मग ती ट्रकच्या काचेजवळ गेली. आतल्या बाजूला कोपाकाबानाच्या मातेची तसबीर चिकटवलेली होती.

"दोन्या सेवेरा, इथे हात ठेव. मातेसमोर सांग, टाकी शेकवली नाहीस. सांगितलंस तर आत्ता ट्रक घेते, कोणालाही विचारत नाही."

जाकिटवाल्याने व्हॅनचं दार उघडलं होतं. सेवेराने हात पुढे केला. काचेपासून चार बोटांवर तो थांबला. तिने शाल सारखी केली, टोपी सारखी केली.

"लोखंडाच्या तुकड्यासाठी कुणी शपथा घेतं का?" ती म्हणाली. "आणि मला अजून चर्चमध्ये मिस्साला जायचंय."

फोर्तुनाताने क्रूसाची खूण केली, धावत गेली आणि जाकिटवाल्याच्या बगलेखालून व्हॅनमध्ये बसली. "मी आधी आलेय!"

"आधी सुरू तर होऊ दे, बाई," जाकिटवाला म्हणाला.

पहिली किल्ली. नुसती कण्हली. दुसरी. खोकली आणि बसली. जाकिटवाला दारावर रेलून वाट बघत होता. साबिनोने कान बॉनेटला लावला. "थांब. दहा मोज. आता दे." तिसऱ्या किल्लीला सगळी व्हॅन थरथरली, बॉनेटवरचं दहिवर खाली घसरलं, आणि इंजिन चालू झालं. साबिनो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने होकारार्थी मान डोलावली, आणि फोर्तुनाताने सेवेराच्या हातावर पैसे मोजले.

सोमवारी फोर्तुनाताने मला शेजारी बसवलं, किटल्या धरायला. अंगणात व्हॅन दुसऱ्या किल्लीला सुरू झाली. त्यानंतर तिने ती बंदच केली नाही. अकराही घरांपुढे इंजिन चालू, तिचा पाय पेडलवर, आणि बायका बादल्या घेऊन पळताहेत. "दम तरी खाऊ दे तिला!" त्या ओरडायच्या. शाळेजवळच्या चढावर व्हॅन इतकी मंदावली की एक कुत्रं आम्हाला मागे टाकून गेलं. मी सगळ्या संतांना हाका मारल्या. फोर्तुनाता दात आवळून पहिल्या गियरवर होती.

केंद्रावर इलारियोन रिकामा ट्रक घेऊन उभाच होता. केंद्रवाल्याने घड्याळ पाहिलं. सातला सहा मिनिटं कमी.

"बंद करा हो ते इंजिन, दोन्या फोर्तुनाता, काही ऐकू येत नाही!"

"आधी दूध मोज," ती म्हणाली, "आणि माझं नाव लिही."

त्याने लिहिलं. तिने मान वाकडी करून, अक्षर न् अक्षर वाचून घेतलं. मग किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.